मनगट आपलं, मग कीबोर्ड दुसऱ्याच्या मापाचा का?

“नुसती बटणं तर दाबायची असतात, त्यात हात कसले दुखतात?”

हे वाक्य आम्ही इतक्यांच्या तोंडून ऐकलं आहे की ते आता कुणा एकाचं मत राहिलेलं नाही. कंत्राटदार म्हणतो, साहेब म्हणतो, घरात सासू म्हणते, आणि वाईट याचं वाटतं की आपल्या चळवळीतले जुने कार्यकर्तेही म्हणतात. “आमच्या बापानं खडी फोडली, आईनं दुसऱ्याच्या वावरात खुरपलं. तुम्ही पंख्याखाली बसून टाईप करता आणि वर उभा कीबोर्ड मागता? हे चोचले झाले.”

आम्ही सोलापुरात वस्त्यांमध्ये काम करतो. शिष्यवृत्तीचे अर्ज, जात पडताळणीचे कागद, अ‍ॅट्रॉसिटीच्या तक्रारी, पेन्शनची प्रकरणं हे आमचं रोजचं काम. यातलं प्रत्येक काम शेवटी कुणाच्या तरी बोटांतून जातं. ही बोटं बहुतेक वेळा कंत्राटी डेटा एंट्री करणाऱ्या, झेरॉक्सच्या दुकानात टाईप करणाऱ्या, सेवा केंद्रात बसणाऱ्या आपल्याच मुलामुलींची असतात. त्यांतल्या अनेकांना रात्री अंगठा आणि शेजारच्या दोन बोटांत मुंग्या येतात. पाण्याचा तांब्या हातातून निसटतो. भाकरी थापताना मनगटात कळ येते. म्हणून उभा कीबोर्ड हा आमच्या लेखी चोचल्याचा विषय नाही. तो श्रमाचा, जातीचा आणि हक्काचा विषय आहे. कसा, ते सविस्तर मांडतो.

वस्तू आधी समजून घेऊ

कोपरापासून मनगटापर्यंत आपल्या हातात दोन हाडं असतात. तळहात पूर्ण पालथा केला की त्यातलं एक हाड दुसऱ्याला ओलांडून जातं. टेबलावरच्या आडव्या कीबोर्डवर आपण सात-आठ तास हात याच पिळलेल्या अवस्थेत ठेवतो. शिवाय दोन्ही हात एका अरुंद पट्टीवर आणायचे, म्हणून मनगटं करंगळीच्या बाजूला वाकतात. कीबोर्डचे मागचे छोटे पाय उघडून ठेवले असतील, तर पंजा मनगटातून वर उचलला जातो. म्हणजे एकाच वेळी पीळ, वाक आणि उचल. मनगटात एक अरुंद बोगदा आहे. त्यातून बोटं मिटवणाऱ्या नऊ कंडरा आणि एक मोठी नस जाते. जागा अरुंद, त्यात दिवसभर घर्षण आणि दाब. मुंग्या तिथून सुरू होतात.

उभ्या कीबोर्डमध्ये बटणांची पट्टी मधोमध विभागून दोन भाग उभे केलेले असतात. तळहात एकमेकांसमोर येतात, अंगठे वर राहतात. विहारात वंदनेला हात जोडायच्या क्षणभर आधी ते जसे असतात, जवळपास तसेच. पीळ सुटतो, मनगट सरळ राहतं. बटणं नजरेआड जातात. म्हणून सेफटाइप नावाच्या अमेरिकी कीबोर्डला दोन्ही बाजूंना छोटे आरसे लावलेले असतात, मोटारसायकलला असतात तसे.

ही काल-परवाची टूम नाही. जर्मनीत क्लोकेनबर्ग या संशोधकाने १९२६ सालीच टाईपरायटरचे दोन भाग करून ते तिरपे ठेवायची मांडणी केली होती. क्रोमर यांनी १९७२ साली विभागलेल्या, उतरत्या कीबोर्डवरचे प्रयोग प्रसिद्ध केले. मायक्रोसॉफ्टने मधून दुभागलेला ‘नॅचरल’ कीबोर्ड १९९४ मध्ये बाजारात आणला. शंभर वर्षांपूर्वी माहीत झालेली गोष्ट सोलापूरच्या सेवा केंद्रात अजून पोचलेली नाही.

जे सिद्ध नाही ते आम्ही सांगणार नाही. उभा कीबोर्ड हे औषध नाही. अशा कीबोर्डवर हाताचा पीळ आणि मनगटाचा वाक कमी होतो, हे मोजून पाहिलेलं आहे. दुखणं हमखास जातं, असा पुरावा नाही. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी चाचणीत हाताचं दुखणं असलेल्या ८० जणांना वेगवेगळे कीबोर्ड सहा महिने वापरायला दिले होते. दुभागलेला कीबोर्ड वापरणाऱ्यांना फरक जाणवला, पण तो आठवड्यात नव्हे, काही महिन्यांनी. त्यामुळे ज्याच्या बोटांत रोज मुंग्या येतात त्याने आधी डॉक्टर गाठावा. कीबोर्ड हा उपायाचा एक भाग आहे. विश्रांती, टेबलाची उंची आणि कामाचा बोजा हे त्याहून मोठे भाग आहेत. पण हे तीनही भाग ज्याच्या हातात आहेत, तो माणूस कीबोर्डसमोर बसलेला नसतो. खरी गोष्ट इथे सुरू होते.

कारण गेलं, रूढी राहिली

आज आपल्यासमोर असलेल्या कीबोर्डची ठेवण अमेरिकेतल्या शोल्सच्या यंत्रावरून आली. रेमिंग्टन कंपनीने ते यंत्र १८७० च्या दशकात बाजारात आणलं. त्यात प्रत्येक बटणाखाली एक लोखंडी दांडी होती. दांड्या एकमेकींना अडू नयेत म्हणून बटणांच्या ओळी जराजरा सरकवलेल्या होत्या. आज कीबोर्डखाली दांडी नाही, लोखंड नाही, काही नाही. तरी ओळी तशाच सरकलेल्या आहेत आणि पट्टी तशीच सपाट आहे.

ज्या समाजाला जातीचा अनुभव आहे त्याला हे वेगळं समजावून सांगायला नको. कारण कधीच संपलेलं असतं, रूढी मात्र “असंच असतं” म्हणून चालू राहते. आणि रूढीचा खर्च तिला मानणारा वरचा माणूस देत नाही, तिच्याखाली दबलेला देतो.

याच पट्टीवर आपली मराठी बसवली गेली. १९८६ साली केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने इनस्क्रिप्ट मांडणी आणली आणि १९९१ च्या भारतीय मानकात ती पक्की झाली. मांडणी हुशारीची आहे: डावीकडे स्वर आणि मात्रा, उजवीकडे व्यंजनं, शिफ्ट दाबला की क चा ख, ग चा घ, ब चा भ. एका मांडणीत सगळ्या भारतीय लिप्या आल्या. पण बोटांच्या नजरेने पाहा. उजव्या करंगळीकडे ज, ड, ट, य. महाप्राण अक्षरासाठी शिफ्ट, म्हणजे पुन्हा करंगळी. ‘जय भीम’ एवढं लिहून पाहा. ज ला उजवी करंगळी, य ला उजवी करंगळी, भ साठी शिफ्टवर डावी करंगळी. दोन शब्दांत सगळ्यात दुबळं बोट तीनदा राबलं. दिवसाला कितीतरी पानं टाईप करणाऱ्या मुलीच्या करंगळीचा हिशेब कुणी ठेवला आहे का?

लिपिक-टंकलेखक व्हायचं तर मराठी ३० किंवा इंग्रजी ४० शब्द प्रतिमिनिट असा वेग लागतो. वेगाची अट आहे, प्रमाणपत्र आहे, परीक्षा आहे. हा वेग देणारं मनगट वीस वर्षं टिकावं म्हणून टेबल किती उंच असावं, कीबोर्ड कसा असावा, तासाला किती मिनिटं हात थांबावेत, हे कुणी विचारत नाही. व्यवस्थेला वेग पाहिजे. हाताशी तिला देणंघेणं नाही.

हत्याराच्या आकारातही जात असते

कुणी म्हणेल, कीबोर्डमध्ये जात कुठून आणली? त्यांनी आपल्याच गिरण्यांचा इतिहास वाचावा. मुंबईच्या कापड गिरण्यांत विणकाम खात्यात पगार जास्त होता आणि त्या खात्यात अस्पृश्यांना घेत नसत. कारण काय सांगायचे? धोट्यातला धागा तोंडाने ओढून घ्यावा लागतो, अस्पृश्याचा उष्टा धोटा आम्ही कसा तोंडाला लावणार? बाबासाहेबांनी १९२८-२९ च्या संपांच्या काळात हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांसमोर ठेवला होता. वर्गलढ्याची भाषा बोलणाऱ्यांना या भेदावर बोलायला वेळ नव्हता.

आता विचार करा. धोटा तोंड न लावता भरता आला असता तर ते निमित्तच उरलं नसतं. तसे धोटे बनवता येत होते, पण ते घ्यायची गरज मालकाला वाटली नाही आणि बरोबरच्या कामगारालाही वाटली नाही. लाकडाचा आणि लोखंडाचा एवढासा तुकडा, पण त्याच्या आकाराने कुणाच्या घरात जास्त पगार जाईल आणि कुणाच्या घरात जाणार नाही, हे ठरत होतं. हत्यार निरागस नसतं. ते कुणाचा विचार करून घडवलं आणि कुणाचा विचार न करता, हे नेहमी विचारलं पाहिजे.

१९३६ च्या ‘जातिप्रथेचे विध्वंसन’ मध्ये बाबासाहेबांनी दाखवून दिलं की जात ही नुसती श्रमाची विभागणी नाही, ती श्रमिकांचीच विभागणी आहे, आणि तीही पायऱ्यापायऱ्यांची. आजच्या कार्यालयात जाऊन पाहा. ज्याची सही लागते त्याला मऊ, फिरती, उंची कमीजास्त होणारी खुर्ची. जो दिवसातून वीस ओळी टाईप करतो त्याच्याकडे चांगला संगणक. जी आठ तास टाईप करते तिच्याकडे प्लास्टिकची खुर्ची, जेवायच्या उंचीचं टेबल आणि तीन बटणं गेलेला कीबोर्ड. हात जितका जास्त राबतो, साधन तितकं वाईट. पुस्तकात वाचलेली पायऱ्यांची विषमता पाहायला दूर जायला नको. कुठल्याही सेवा केंद्राच्या टेबलाखाली वाकून बघा.

सुपातून कीबोर्डवर

सोलापूर हे हातांचं शहर आहे. गिरण्या होत्या तेव्हाही होतं, गिरण्या गेल्यावरही आहे. चादर, टॉवेल, शिलाई, कडक भाकरी आणि विडी. हजारो बाया आजही मांडीवर सूप घेऊन विडी वळतात. पान मापाने कापायचं, तंबाखू भरायची, वळायचं, दोरा गुंडाळायचा, तोंड दुमडायचं. मजुरी हजारावर. कमी भरली, सैल झाली तर बाद. यात पद्मशाली आहेत, मुस्लिम आहेत, आपल्या वस्त्यांतल्या बाया आहेत. वाकलेली मान आणि दुखरं मनगट यांना जात-धर्म कळत नाही. मात्र कुणाच्या वाट्याला हे काम येतं, ते जात, धर्म आणि बाईपण मिळून ठरवतात.

या बायांच्या मुली शिकल्या. टायपिंगच्या क्लासला गेल्या, प्रमाणपत्रं मिळवली, कंत्राटी ऑपरेटर झाल्या. आईला वाटलं, पोरगी सुपातून सुटली. पण नीट पाहा. आईला हजार विड्यांवर पैसे, मुलीला अनेक ठिकाणी नोंदीवर पैसे. आईच्या विड्या बाद, मुलीच्या नोंदी बाद. आईला रजा नाही, मुलीलाही नाही. आईचं मनगट गेलं तर कारखानदार दुसरी बाई बघतो, मुलीचं गेलं तर कंत्राटदार दुसरी मुलगी बघतो. काम बदललं, पण मनगट वापरून टाकायची रीत तीच राहिली.

त्यावर घरचं काम आहेच. मुलगा ऑपरेटर असेल तर तो घरी येऊन हात टेकतो. मुलगी आली की कणीक, भांडी, धुणं, भाकरी. डॉक्टर सांगतो, “हाताला आराम द्या.” कोणत्या वेळेला? म्हणून आम्ही म्हणतो की मनगटाचा प्रश्न बाईच्या श्रमाचा प्रश्न म्हणून मांडला नाही, तर तो अर्धाच मांडला जातो. घरातल्या पुरुषांनी भाकरी थापायला शिकणं हासुद्धा या दुखण्यावरचा इलाज आहे, आणि त्याला आयात शुल्क पडत नाही.

दुखणं सोसणं हा आपला धर्म नाही

आता आपल्याच माणसांना उत्तर देऊ. “आम्ही सोसलं, तुम्हीही सोसा,” असं म्हणणाऱ्यांबद्दल आम्हाला आदर आहे. त्यांनी सोसलं म्हणून आम्ही शिकलो. पण सोसणं हे मूल्य कुठून आलं? देह कष्टवला की पुण्य लागतं, ही शिकवण तपश्चर्यावाल्यांची आहे. सिद्धार्थाने सहा वर्षं ते करून पाहिलं, बरगड्या मोजता येतील इतकं शरीर झिजवलं, आणि त्यातून काही मिळत नाही हे पाहून ते सोडून दिलं. सुजाताची खीर घेतली. भोगाचं टोकही नको आणि देहदंडाचं टोकही नको, हा मध्यम मार्ग तिथून निघाला. दुःख आहे हे मान्य करायचं, त्याचं कारण शोधायचं आणि ते दूर करायचं, ही आपली शिस्त आहे. मनगट दुखत असताना “सोस” म्हणणं या शिस्तीत कुठेच बसत नाही. ते कर्मफळाच्या जवळ जाणारं बोलणं आहे.

दुसरा आक्षेप गांधीवादी वळणाचा असतो: “यंत्रांच्या मागे कशाला लागता? साधं राहा.” याचं उत्तर बाबासाहेबांनी १९४५ सालीच गांधीवादावर लिहिताना देऊन ठेवलं आहे. त्यांचा मुद्दा असा की यंत्र नसेल तर बहुसंख्य माणसाचं जगणं जनावरासारखं राबण्यात जातं, त्याला फुरसत मिळत नाही, आणि फुरसत नाही तिथे विचार नाही, संस्कृती नाही. यंत्राचा लाभ सगळ्यांना होत नसेल तर दोष समाजरचनेचा आहे. यंत्र नाकारू नका, रचना बदला. लोकशाहीत जास्त यंत्रं लागतात, कमी नव्हे. हे त्यांनी लिहिलं तेव्हा ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. पुढच्याच वर्षी, १९४६ मध्ये, बारमाही कारखान्यांतला आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आणणारी दुरुस्ती मंजूर झाली. ते विधेयक मांडणारे बाबासाहेब होते. राबणाऱ्या शरीराला मर्यादा असते हे कायद्यात लिहून घेणारा माणूस आपला नेता आहे. त्याचं नाव घेऊन कुणाला “हात दुखले तरी बस” असं सांगू नये.

आणखी एक नाव आठवा. नानकचंद रत्तू. दिल्लीत सरकारी नोकरी करायची आणि कार्यालय सुटलं की बाबासाहेबांच्या घरी जाऊन त्यांची हस्तलिखितं टंकित करायची. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ आपल्या हातात आला त्यात रत्तूंच्या बोटांचे श्रम आहेत. ज्या चळवळीचे ग्रंथ असे एकेक अक्षर ठोकून तयार झाले, तिने टंकलेखकाच्या हाताला कमी लेखणं बरं दिसत नाही.

तिसरा आक्षेप पैशाचा. तो खरा आहे. परदेशी उभा कीबोर्ड आपल्या बाजारातल्या चारपाचशे रुपयांच्या कीबोर्डच्या कित्येक पट महाग पडतो. मागवायचा खर्च वेगळा. पण महाग आहे म्हणून तो चैनीचा ठरत नाही. तो अजून आपल्यासाठी बनवलेला नाही, एवढंच ठरतं. आम्ही आमच्या अभ्यासिकेत एक तोड काढली. अंकांची वेगळी पट्टी नसलेले दोन छोटे, स्वस्त कीबोर्ड घेतले. दोन्ही एकाच संगणकाला जोडले. विंडोजवर दोन्ही एकाच वेळी चालतात, एकावरचा शिफ्ट दुसऱ्यावरच्या अक्षराला लागू होतो. सुताराकडून तंबूच्या आकाराची लाकडी चौकट करून घेतली आणि तिच्या दोन उतरणींवर दोन कीबोर्ड बसवले. डाव्या हाताने डाव्या कीबोर्डचा डावा अर्धा वापरायचा, उजव्याने उजव्याचा उजवा. अगदी काटकोनात नाही, पण हातांचा पीळ बराच सुटतो.

वापरताना काय होतं तेही सांगतो. पहिले आठ-दहा दिवस वेग निम्म्यावर येतो. बटणं दिसत नाहीत, म्हणून न बघता टाईप करता येणं आवश्यक. टायपिंग क्लासमध्ये ज्यांना सरांनी हातावर कापड टाकून शिकवलं, त्यांना हा कीबोर्ड लवकर जमतो. दोन बोटांनी शोधून टाईप करणाऱ्यांना आधी आडव्यावर बोटं बसवावी लागतात. ट आणि ड साठी करंगळी खाली जाते, कारण उभ्या पट्टीत ती सगळ्यात खालची असते. याची सवय व्हायला वेळ लागतो. महिन्याभराने वेग जवळपास परत येतो. सगळ्यांचं दुखणं गेलं असं नाही. पण संध्याकाळी हात झटकत उठणाऱ्या मुली कमी झाल्या, एवढं आम्ही डोळ्यांनी पाहतो.

ज्यांना एवढंही शक्य नाही त्यांनी फुकटातली कामं आजच करावीत. कीबोर्डचे मागचे पाय मिटवा. खुर्ची उंच करा किंवा टेबल खाली घ्या, कोपर काटकोनात यायला हवं. टेबलाची धार मनगटात रुतत असेल तर तिच्यावर टॉवेलची घडी ठेवा. टॉवेलच्या गावात टॉवेलला तोटा नाही. माऊस जवळ ओढा. तासाला पाच मिनिटं हात बाजूला घ्या, साहेब बघत असला तरी.

चौथा आक्षेप नव्या जमान्याचा: “आता बोलून टाईप होतं, कीबोर्ड कशाला?” सोलापुरी मराठीत तेलुगू आणि कन्नडचा सूर मिसळलेला असतो. तो यंत्राला किती कळतो ते एकदा बोलून पाहा. आणि अत्याचाराची तक्रार, आजाराची माहिती, जातीचे कागद चार लोकांसमोर मोठ्याने बोलून टाईप करायचे का? बोलून लिहिणं जिथे चालेल तिथे जरूर चालवा. पण बहुतेक कार्यालयात अजून बोटंच राबणार आहेत.

कायदा काय म्हणतो, काय म्हणत नाही

कारखाने अधिनियम १९४८ च्या तिसऱ्या अनुसूचीत कळवणं बंधनकारक असलेल्या २९ व्यावसायिक रोगांची नावं होती. शिसं, पारा, सिलिकोसिस, कापसाच्या धुळीने होणारा फुप्फुसाचा रोग, आवाजाने येणारा बहिरेपणा. मनगटाचं, खांद्याचं, पाठीचं एकही दुखणं त्यात नव्हतं. २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेतही यादी २९ चीच. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या २०१० च्या यादीत मात्र मनगटाच्या नसेचं दुखणं नाव घेऊन नोंदवलेलं आहे. ब्रिटनने तार खात्यातल्या कामगारांच्या हाताचा पेटका भरपाईच्या यादीत १९०८ साली घातला होता. रामाझ्झिनी या इटालियन वैद्याने कामगारांच्या रोगांवरच्या ग्रंथाच्या १७१३ च्या आवृत्तीत लेखनिकांचे हात सतत लिहून कसे निकामी होतात, ते नोंदवलं. तीनशे वर्षांपूर्वी लिहिलेलं आपल्या यादीत अजून आलेलं नाही. जे यादीत नाही ते मोजलं जात नाही. जे मोजलं जात नाही त्याची भरपाई नाही. आणि मग आपल्यालाच सांगतात, “असं काही दुखणं नसतंच.”

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ मात्र आपल्या उपयोगाचा आहे. सरकारी आस्थापनेने दिव्यांग कर्मचाऱ्याला वाजवी सोय पुरवली पाहिजे, आणि नोकरीत असताना दिव्यांगत्व आलं तर त्याला काढता किंवा खालच्या पदावर टाकता येत नाही, हे कलम २० सांगतं. वाजवी सोय नाकारणं हा भेदभावच, हेही याच कायद्यात आहे. ११ फेब्रुवारी २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने विकाश कुमार प्रकरणात निकाल दिला. लिहिताना हाताला पेटके येणाऱ्या या उमेदवाराला केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या परीक्षेत लेखनिक नाकारला गेला होता. चाळीस टक्क्यांचं प्रमाणपत्र नाही म्हणून सोय नाकारता येणार नाही, आणि सोय ही त्या त्या व्यक्तीची गरज पाहून ठरवावी, असं न्यायालयाने स्पष्ट केलं. पेनाच्या बाबतीत जे मान्य झालं ते कीबोर्डच्या बाबतीत का होऊ नये?

अडचण इतकीच की कंत्राटी ऑपरेटर कागदावर कार्यालयाची कर्मचारीच नसते. ती एजन्सीची. एजन्सी म्हणते कार्यालयाला विचारा, कार्यालय म्हणतं एजन्सीला विचारा. ६ सप्टेंबर २०२३ चा कंत्राटी भरतीचा शासन निर्णय लोकांच्या विरोधामुळे त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये मागे घ्यावा लागला. पण कंत्राटी पद्धत गेली नाही. आपण तिला विरोध केला तो आरक्षण संपतं म्हणून. तो विरोध बरोबरच आहे. त्यात एक कारण जोडा: कंत्राटात आरक्षणाबरोबर शरीरावरचा हक्कही संपतो. मालक कोण हेच ठरत नाही, तेव्हा दुखलेला हात कुणाला दाखवायचा?

आमच्या मागण्या

एक. सरकारी कार्यालयांनी डेटा एंट्रीच्या निविदेतच टेबल, खुर्ची, कीबोर्ड आणि दर तासाच्या विश्रांतीची अट लिहावी. दुखण्याची जबाबदारी कार्यालय आणि एजन्सी दोघांची मिळून असावी.

दोन. टंकलेखनाच्या परीक्षेत आणि भरतीच्या कौशल्य चाचणीत उमेदवाराला स्वतःचा कीबोर्ड आणायची मुभा नियमात स्पष्ट लिहावी. वेग मोजा, पण हाताचा कोन लादू नका.

तीन. मनगट, खांदा आणि पाठीची कामातून होणारी दुखणी व्यावसायिक रोगांच्या यादीत घ्यावीत. ही यादी विडी वळणाऱ्या आईला आणि टाईप करणाऱ्या मुलीला सारखीच लागू व्हावी, घरी बसून काम केलं तरी.

चार. सोलापुरातल्या अभियांत्रिकी आणि आयटीआयच्या विद्यार्थ्यांनी मराठी मांडणीचा, इथल्या मजुरीला परवडणारा उभा कीबोर्ड बनवावा. प्रकल्पाच्या वहीत परदेशातल्या कल्पना उतरवण्यापेक्षा आपल्या बहिणीचं मनगट मोजा.

पाच. ही मागणी सरकारकडे नाही, आपल्याकडे आहे. प्रत्येक विहाराने, प्रत्येक अभ्यासिकेने यंदाच्या जयंतीच्या वर्गणीतून एक चौकट आणि दोन कीबोर्ड घ्यावेत. एका रात्रीच्या डीजेच्या भाड्यात किती चौकटी होतील, याचा हिशेब मंडळांनी स्वतःच करावा.

बहिष्कृत हितकारिणी सभेने १९२५ साली पहिलं वसतिगृह उघडलं ते याच सोलापुरात. त्या वेळीही लोकांनी विचारलं असेल, पोटाला नाही तिथे वसतिगृह कशाला? आपल्या पूर्वजांनी उत्तर वाद घालून दिलं नाही, मुलं राहायला आणून दिलं. त्या मुलांच्या हातात लेखणी आली. त्यांच्या पणत्यांच्या हातात कीबोर्ड आला आहे. लेखणी मिळावी म्हणून लढलो, तसं ती धरणारा हात शाबूत राहावा म्हणूनही लढावं लागेल. ज्यांचे हात दुखतात त्यांनी लाजू नये. आपल्या कार्यालयात लेखी अर्ज द्या, पोच घ्या आणि एक प्रत आमच्याकडे आणा. असे अर्ज जमले की ते घेऊन आम्ही जिल्हाधिकारी कार्यालयात जाणार आहोत.

जय भीम. जय संविधान.